शेंदरी, डाळिंबी आणि माझी सही

“पाकीट सीलबंद आलं. सील सावंतांनी तोडलं. आतून चांगली फिल्म निघाली. मग बिघडलेली फिल्म गेली कुठे?”

आदित्यसरांनी हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. ते आमचे मॅनेजिंग डायरेक्टर. आमच्या कंपनीत कुणी कुणाला सर म्हणायचं नाही असा नियम आहे. नियम आदित्यसरांनीच केलाय, त्यामुळे आम्ही सगळे “हो सर” म्हणून तो पाळतो.

समोर सावंतकाका उभे होते. आमचे लॅब टेक्निशियन, वय अठ्ठावन्नच्या आसपास, रिटायरमेंटला चार महिने. बाजूची खुर्ची रिकामी होती. पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि न सांगता बसणाऱ्यांतले ते नव्हेत.

“मी सीलवरची सही बघून पाकीट उघडलं सर. आत नंबर सातच होती.”

“नंबर तुम्हीच मार्करने लिहिता ना?”

“हो सर.”

“मग पुन्हा लिहायला किती वेळ लागतो?”

सावंतकाकांना हा प्रश्न समजायला दोन सेकंद लागले. समजल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि मी खाली टेबलाकडे बघायला लागले. त्या टेबलाला पॉलिश फार छान केलेलं आहे.

आता हे फिल्म प्रकरण काय ते सांगते. आमचं ऑफिस परळला, जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर. मी तिथे सीनियर सायंटिस्ट. लोकांना वाटतं सायंटिस्ट म्हणजे फळ्यावर समीकरणं. प्रत्यक्षात मी फॉर्म भरते आणि फॉर्मवर सही करते. आम्ही पेरोव्हस्काईट क्वांटम डॉट बनवतो. नाव भारदस्त आहे, पण वस्तू डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हे अतिशय बारीक स्फटिक असतात, त्यात सिझियम, शिसं आणि ब्रोमाइड-आयोडाइडसारखे क्षार. त्यांच्यावर निळा उजेड टाकला की ते तो गिळतात आणि आपल्या रंगाचा उजेड बाहेर टाकतात. हे डॉट प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात बसवले की झाली फिल्म. ती टीव्हीच्या पडद्यामागे लावली की लाल रंग असा उठून दिसतो की बघणाऱ्याला आपला जुना टीव्ही भंगारात द्यावासा वाटतो. निदान आमच्या ब्रोशरमध्ये तसं लिहिलंय.

लाल नेमका कुठला, ते ब्रोमाइड आणि आयोडाइड किती मिसळलंय त्यावर ठरतं. आम्हाला हवा होता शेंदराकडे झुकणारा लाल. तो मिळाला होता, सुंदर मिळाला होता. प्रश्न एवढाच, की तो टिकतो का? टीव्ही काय पाच मिनिटांसाठी लावत नाहीत. आमच्या घरी सासूबाई लावतात तो जेवणापर्यंत बंद होत नाही.

म्हणून चाचणी. एका बंद पेटीत जोरदार निळे एलईडी, खाली फिल्म. पेटीला पिवळ्या काचेची छोटी खिडकी. पिवळी काच निळा उजेड अडवते, त्यामुळे आतल्या फिल्मचा स्वतःचा रंग दिसतो. सकाळी दहाला दिवा लावायचा, संध्याकाळी सहाला बंद करायचा, फिल्म काळ्या डब्यात घालून कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्पेक्ट्रोमीटरवर रंग मोजायचा. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रंगाला आकडा देणारं यंत्र. असं चार आठवडे. आकडा हलला नाही तर फिल्म पास.

लगेच संध्याकाळी का नाही मोजायचं, असं कुणी समंजस माणूस विचारेल. आमच्याकडे ते कुणी विचारलं नाही. कारण स्पेक्ट्रोमीटर लॅबमध्ये नाही, डेमो रूममध्ये आहे. काचेच्या भिंती, पाठीमागे कंपनीचं बोधवाक्य, मधोमध आमचं सगळ्यात महागडं यंत्र, त्याला ताजा हार. साडेदहापासून तिथे पाहुणे येतात, संध्याकाळी परदेशचे कॉल चालतात. शास्त्रज्ञांना आपल्या यंत्राजवळ जायला सकाळी नऊ ते दहा. देवळातसुद्धा दर्शनाची वेळ यापेक्षा जास्त असते.

मी हरकत घेतली नाही. सकाळी शांत असतं, आकडे छान येतात. आकडे छान आले की माणूस शंका घेत नाही. चाचणीची ही पद्धत मीच लिहिली होती, खाली सही माझी होती. चार आठवडे आकडा जागचा हलला नाही. तेज थोडं थोडं कमी होत होतं, पण मी त्याचं खापर दिव्यावर फोडलं आणि दिवा बदलला. रिपोर्टवर लिहिलं, ‘उजेडात रंग स्थिर.’ सही केली. आदित्यसरांनी केक मागवला.

फिल्म नंबर सात पुण्याच्या क्लायंटकडे गेली. तिथले रानडे हे टेक्निकल हेड. फार कमी बोलतात. आठवड्याने त्यांचा फोन आला.

“तुमची फिल्म चार तासांत पळाली.”

“पळाली म्हणजे?”

“म्हणजे लाल होती ती काळपट लाल झाली. परत पाठवतोय. तुमच्या यंत्रावर बघा.”

त्यांनी ती काळ्या पाकिटात सील करून, सीलवर सही करून कुरियरने पाठवली. दोन दिवसांनी आली. सावंतकाकांनी पाकीट उघडलं, सकाळी साडेनऊला मी मोजली. आकडा जसाच्या तसा होता. फिल्म ठणठणीत.

आदित्यसरांनी याचा जो अर्थ लावला तो वर सांगितलाच. त्यांच्या मते सावंतांनी आधी चुकून जुन्या बॅचची फिल्म पुण्याला पाठवली, आणि परत आल्यावर चूक झाकायला पाकिटात चांगली फिल्म घालून ठेवली. ही गोष्ट त्यांनी इतकी ठामपणे सांगितली की जणू ते पाकिटातच बसले होते.

“उद्या रानडे स्वतः येतायत,” ते म्हणाले. “त्यांना सांगायचं की रूट कॉज सापडला आणि ॲक्शन घेतली. एचआर लेटर तयार करतंय.”

रूट कॉज म्हणजे मूळ कारण. आमच्याकडे ते शोधतात तेव्हा नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसापाशी जाऊन थांबतात.

मीटिंग संपल्यावर मी लॅबमध्ये गेले. सावंतकाका नेहमीसारखे पेटीची काच पुसत होते.

“काका, बसा जरा.”

“नको मॅडम.” मग काच पुसायची थांबवून म्हणाले, “मेमो द्या, पगार कापा, कायपण करा. पण ह्या वयात चोर म्हणान घरी जाऊचा नाय माका.”

सावंतकाका मुंबईत आमच्यासारखंच बोलतात. मालवणी निघते ती फक्त घरात नाहीतर मनाला लागल्यावर. लॅबमध्ये मी ती पहिल्यांदाच ऐकली.

“तुम्ही फिल्म बदलली नाही हे मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“मग थय कित्याक बोललात नाय?”

तिथे मी का बोलले नाही? खरं उत्तर असं होतं, की त्यांनी बदलली नसेल तर माझा रिपोर्ट चुकलेला असणार, आणि ते दुसरं मला तिथे बोलायचं नव्हतं.

त्यांनी ड्रॉवर उघडून एक लांबट वही काढली. “हे घ्या. माझं रजिस्टर. नंबर सातच्या सगळ्या नोंदी आहेत, कधी काढली, कधी ठेवली. साहेबांना दाखवा.”

सावंतकाका तरुणपणी याच जागेवरच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. तिथे कापडाच्या रंगाची नोंद दोनदा व्हायची, एकदा ओलं असताना आणि एकदा सुकल्यावर. ओली शेड आणि सुकी शेड. कापड सुकलं की रंग बदलतो, म्हणून दोन्ही लिहायच्या, मुकादम विचारो न विचारो. मिल बंद पडली, ते एका कॉलेजच्या लॅबमध्ये गेले, तिथून आमच्याकडे आले. जागा तीच, मजला नववा. सवय सुटली नाही. मी कॉम्प्युटरवर आकडे भरत होते तेव्हा हे वहीत शेड लिहीत होते.

मी वही उघडली.

संध्या. ६ – डाळिंबी. सकाळी १० – शेंदरी.

संध्या. ६ – डाळिंबी. सकाळी १० – शेंदरी.

पान उलटलं, तेच. चार आठवडे रोज तेच. संध्याकाळी दिवा बंद करण्याआधी पिवळ्या काचेतून एकदा बघायचं, सकाळी दिवा लावल्या लावल्या एकदा बघायचं. यंत्राकडे नोंद फक्त सकाळची. या माणसाकडे दोन्ही.

आणि मग मला आठवलं. दुसऱ्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले होते. “मॅडम, संध्याकाळी हिचा रंग उतरतो. डाळिंबी दिसते. सकाळी परत शेंदरी.” मी स्क्रीनवरून नजरही न हटवता म्हटलं होतं, “काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा.” बाजूची दोघं हसलीही होती.

मी ती तारीख वहीत शोधली. त्यानंतर तीन दिवसांनी नोंद होती:

संध्या. ६ – नवा चष्मा. तरी डाळिंबी.

मला लाज वाटली. अशी लाज, की कान गरम होतात.

त्या एका ओळीत सगळं होतं. मी पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, तरी माझ्या डोक्यात न आलेलं. ब्रोमाइड आणि आयोडाइड आम्ही एकत्र मिसळतो. जोरदार उजेड पडला की ते वेगळे व्हायला लागतात. लग्नाच्या हॉलमध्ये मुलाकडचे आणि मुलीकडचे आधी मिसळून बसतात आणि थोड्या वेळाने आपापल्या माणसांत सरकतात, तसं. आयोडाइडवाले एका कोपऱ्यात जमले की तिथून गडद लाल उजेड निघतो. डाळिंबी. पण अंधारात ठेवलं की ते हळूहळू परत मिसळतात आणि रंग मूळपदावर येतो. शेंदरी.

म्हणजे फिल्म रोज दिवसभर बिघडत होती, रात्री काळ्या डब्यात विश्रांती घेऊन सुधारत होती, आणि मी सकाळी टवटवीत झाल्यावर तिला मोजत होते. रानड्यांनी दिवा चालू असतानाच मोजली, त्यांना ती बिघडलेली दिसली. मग त्यांनी ती काळ्या पाकिटात घालून दोन दिवस प्रवासाला पाठवली. आमच्याकडे आली तेव्हा बरी होऊन आली. कुणी काहीही बदललं नव्हतं. फिल्म एकच, रिपोर्टवरची सही एकच. माझी.

इथे एक गोष्ट कबूल करते. ती वही मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दहा मिनिटं तशीच बसले. डिपार्टमेंट हेडसाठी माझं नाव चाललं होतं. चार महिन्यांनी सावंतकाका रिटायर होणारच आहेत, असा एक विचार येऊन गेला. विचार किती सभ्य कपडे घालून येतात ते त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांनी मी वही घेऊन आदित्यसरांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी वही अशी धरली, जणू ती ओली आहे. “डाळिंबी? हे काय युनिट आहे?”

“डोळ्यांचं.”

“सुजाता, मी क्लायंटला डाळिंब दाखवू?”

“नाही, फिल्म दाखवू. उद्या पेटी डेमो रूममध्ये आणते. यंत्राच्या शेजारी. दिवा चालू ठेवून दर पंधरा मिनिटांनी मोजू.”

“डेमो रूम? उद्या साडेअकराला इन्व्हेस्टर येतायत.”

“येऊ देत. त्यांना एकदा तरी यंत्र चालताना बघू दे.”

“आणि तुझा रिपोर्ट?”

“चुकलाय.”

त्यांनी वही मिटली. आमच्या ऑफिसात हा शब्द कुणी स्वतःसाठी वापरत नाही. आमच्याकडे ‘गॅप’ असते, ‘मिसअलाइनमेंट’ असते, ‘लर्निंग’ असतं. चूक फक्त टेक्निशियनची असते.

“उद्या संध्याकाळपर्यंत,” ते शेवटी म्हणाले. “नाहीतर लेटर जाणार.”

दुसऱ्या दिवशी सावंतकाका आणि मी पेटी ढकलत डेमो रूममध्ये नेली. हार काढून ठेवायला लागला, तो मध्ये येत होता. रानडे दहाला आले. बुटके, हातात कापडी पिशवी. मी त्यांना एवढंच म्हटलं, “नंबर सात आहे. तुमच्यासमोर सुरू करतो.” ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसले.

सव्वादहाला आकडा जागेवर. साडेदहाला जागेवर. आदित्यसर काचेच्या भिंतीबाहेर उभे होते, चेहऱ्यावर लेटर स्पष्ट दिसत होतं. पावणेअकराला आकडा जरा सरकला. इतका जरासा, की मला वाटलं माझीच इच्छा यंत्रात शिरली. अकराला नक्की सरकला. सावंतकाका पिवळ्या काचेला डोळा लावून उभे होते. मी यंत्राचं बटण दाबण्याआधीच ते म्हणाले, “शेड सुटली मॅडम.”

त्यानंतर आकडा थांबला नाही. साडेअकराला इन्व्हेस्टर आले, काचेबाहेर उभे राहून कौतुकाने बघायला लागले. त्यांना वाटलं हे त्यांच्यासाठीच चाललंय. एक वाजता मी खिडकीतून डोकावले. आतला लाल गडद, मिटलेला. डाळिंब सोलल्यावर दाण्याचा असतो तसाच. यापेक्षा अचूक शब्द मला आजही सापडलेला नाही, आकडा मात्र माझ्याकडे चार दशांश स्थळांपर्यंत आहे.

“हेच आम्ही पाहिलं,” रानडे म्हणाले.

“आता हिला डब्यात ठेवू या,” मी म्हटलं. “तुम्ही सील करा, तुम्हीच सही करा. जेवून घेऊ.”

डबा रानड्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला आणि पिशवी घेऊनच जेवायला बसले. चार वाजता त्यांनीच सील तोडलं, मी मोजलं. आकडा जवळजवळ मूळ जागी. तेज मात्र थोडं कमी. रंग परत येतो, पण रोजच्या मारानं काही डॉट कायमचे जातात. दिवा बदलून मी महिनाभर झाकलं होतं ते हेच.

आदित्यसर आत आले होते. रानडे चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे तुम्ही तापाच्या माणसाला रात्रभर झोपवून सकाळी थर्मामीटर लावत होतात.”

“हो.”

“रिपोर्टवर सही कुणाची?”

“माझी.”

“आणि हे पकडलं कुणी?”

मी सावंतकाकांकडे बघितलं. ते हार पुन्हा यंत्राला घालत होते. “त्यांनी. मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मी त्यांना चष्मा बदलायला सांगितलं.”

रानडे पहिल्यांदाच हसले. उठून सावंतकाकांपाशी गेले, हात मिळवला आणि रिकामी खुर्ची पुढे ओढली. “बसा हो तुम्ही.” काका बसले. आदित्यसर उभे होते. कंपनीच्या इतिहासात हे दृश्य मी एकदाच पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. रानड्यांनी ऑर्डर दिली नाही. फिल्म उजेडात टिकत नाही, तर ती टीव्हीत घालून काय करणार? क्षार वेगळे होऊ नयेत म्हणून डॉटना आणखी एक कवच द्यायचं काम आम्ही हाती घेतलं, ते अजून चाललंय. माझा रिपोर्ट माझ्याच सहीने रद्द झाला आणि डिपार्टमेंट हेड दुसरं कुणी झालं. एचआरचं लेटर गेलं नाही. पण माफीचं पत्रही गेलं नाही. त्याऐवजी आदित्यसरांनी सगळ्यांना मेल पाठवला, विषय ‘एक टीम म्हणून आपण काय शिकलो’. त्यात सावंतकाकांचं नाव नव्हतं. पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये एक नवी स्लाइड आली: ‘अंधारात स्वतःहून बरं होणारं मटेरियल.’ खोटं त्यात एक अक्षर नाही.

माफी मी मागितली, लॅबमध्ये, सगळ्यांसमोर, ती हसलेली दोघं असताना. सावंतकाका म्हणाले, “जाऊ द्या मॅडम. एक फायदा झाला, नवीन चष्म्यातून पेपर बरा वाचता येतो.” मग पेटीची काच पुसायला लागले.

चाचणीची पद्धत मी नव्याने लिहिली. आता दिवा चालू असतानाच मोजायचं, आणि फॉर्मवर दोन जादा रकाने: उजेडातली शेड, अंधारानंतरची शेड. बिघडलेली गोष्ट अंधारात झाकून ठेवली आणि सकाळी सोयीच्या वेळी तपासली, तर ती नेहमी चांगलीच निघते. हे फिल्मबद्दल बोलतेय. बाकी कुठे लागू पडत असेल तर तो योगायोग.

रिटायर होताना सावंतकाकांनी ते लांबट रजिस्टर मला दिलं. डेमो रूममधल्या त्या दिवसाचं पान मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दिवसभर ते कधी लिहीत होते ते मला कळलंही नव्हतं. सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. आणि एक वाजताची नोंद अशी:

दु. १ – डाळिंबी. मॅडमना पण दिसली.